गाडीत हॅम रेडिओ बसवायचाय? आधी वायर आणि ॲन्टेना बघा, सेट मागाहून

गाडीत हॅम रेडिओचा, म्हणजे लायसन्स घेऊन छंद म्हणून वापरायच्या वायरलेसचा, सेट बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला घेऊ?" मग पंधरा दिवस यूट्यूब बघायचं, कलर स्क्रीन, ब्लूटूथ, डिजिटल, जीपीएस सगळं हवं, बजेटचा फडशा सेटवर पाडायचा आणि उरलेल्या पैशात जी मिळेल ती ॲन्टेना आणि इलेक्ट्रिशियनने ड्रॉवरमधून काढलेली वायर. असा सेट मग तुम्हाला ऐकू छान येतो, पण समोरचा म्हणतो "ओल्ड मॅन (हॅम लोकांचं 'मित्रा'), तुझं काही कळत नाहीये". साधा २ मीटर बँडचा एफएम सेट, जाड वायर, छताच्या मधोमध ॲन्टेना, एवढं नीट केलं तरी तो सेट दुप्पट किमतीच्या सेटला आरामात भारी पडतो.

लायसन्सचं आधी उरकून घेऊ. भारतात एएसओसी (हॅम स्टेशन चालवायचं सर्टिफिकेट) परीक्षा द्यावी लागते, अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरलला लागतो. लायसन्स हातात येईपर्यंत पीटीटी (माईकवरची बोलायची की) दाबू नका. आणि लायसन्स आलं की ते नीट वाचा, त्यावर स्टेशनचा पत्ता असतो, पॉवरची मर्यादा असते, गाडीतून चालवायचं तर काय अटी ते बघा आणि एक कॉपी ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा. नाक्यावर पोलिसांनी ॲन्टेना बघून गाडी बाजूला घेतली तर "अहो साहेब हॉबी आहे" यापेक्षा तो कागद लवकर काम करतो.

आता सेट. आपल्याकडे २ मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ७० सेंटीमीटरचा ४३४ ते ४३८. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण बाजारात येणारे बरेच सेट अमेरिकेसाठी बनलेले असतात, तिकडे २ मीटर १४८ पर्यंत जातो आणि त्यांची ४४६ ची कॉलिंग फ्रिक्वेन्सी (पहिली हाक मारायची जागा) इथे आपल्या बँडच्या बाहेर पडते. चायनीज सेट तर १३६ ते १७४ सरसकट ट्रान्समिट करतात. त्यात पोलिसांचे, कंपन्यांचे वायरलेस येतात, आणि कोकणात किनाऱ्याला असाल तर १५६.८ म्हणजे मरीन चॅनेल १६, बोटीवाल्यांचा मदत मागायचा चॅनेल. तिथे चुकून जरी की दाबली गेली तरी प्रकरण महागात पडतं, म्हणून प्रोग्रामिंग करताना ट्रान्समिटची रेंज १४४-१४६ आणि ४३४-४३८ लाच लॉक करा, सॉफ्टवेअरमध्ये ती सोय बहुतेक सेटना असते.

सिंगल बँड की ड्युअल? तुमच्या भागात यूएचएफवर (म्हणजे ७० सेंटीमीटरवर) कोणी बोलतच नसेल तर २ मीटरचा सिंगल बँड सेट मस्त, दणकट असतो, बटणं कमी, आणि चालवताना न बघता चॅनेल बदलता येतो. यासूचा एफटी-२९८० किंवा आयकॉमचा आयसी-२३०० हे या पठडीतले. ड्युअल बँडमध्ये आयकॉम आयसी-२७३०, यासूची एफटीएम सीरीज, जुना मिळाला तर केनवुड टीएम-व्ही७१, आणि खिसा बघून घ्यायचं तर ॲनीटोन एटी-७७८ किंवा क्यूवायटीचे छोटे सेट. वॉटेजच्या आकड्यावर फार जीव टाकू नका. २५ वरून ५० वॉट म्हणजे ३ डीबी (सिग्नलच्या जोराचं माप), समोरच्याच्या मीटरवर अर्धा एस-युनिट, कानाला जेमतेम फरक. ८० वॉटचा सेट घेतला म्हणून ताम्हिणीच्या दरडीआड असलेला रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) उघडणार नाही, दरड आहे तिथेच राहते.

मी सेट निवडताना दोनच गोष्टींवर अडून बसेन. एक म्हणजे फेसप्लेट (स्क्रीन आणि बटणांचा पुढचा भाग) वेगळी होणारी हवी, कारण आजच्या गाड्यांत डॅशबोर्डवर आख्खा सेट बसायला जागाच नाही, बॉडी सीटखाली आणि फेसप्लेट वर हाच मार्ग उरतो. दुसरं, स्पीकरचा आवाज. ८० च्या स्पीडला, एसी चालू, बाजूने एसटी गेली तरी ऐकू आलं पाहिजे, सीटखालच्या सेटचा आवाज कार्पेटमध्येच जिरतो, त्यामुळे छोटा एक्स्टर्नल स्पीकर खर्चात धरूनच चाला.

आणि गाडीत बसवायचा सेट घ्यायची अजून घाई नसेल तर हँडीला (हातात धरायचा छोटा सेट) बाहेरचा ॲन्टेना लावून बघा. गाडीच्या पत्र्याच्या डब्यात रबर डक (हँडीसोबतची छोटी रबरी ॲन्टेना) म्हणजे नुसता त्रास, पण त्याच ५ वॉटच्या हँडीला छतावरचा मॅगमाउंट (चुंबकाने चिकटणारी ॲन्टेना) लावला की डोंगरावरचे रिपीटर उघडायला लागतात. फक्त एसएमएला (हँडीचा ॲन्टेना लावायचा छोटा कनेक्टर) थेट जाड ॲडॅप्टर लावू नका, केबलच्या वजनाने हँडीचा कनेक्टर सैल होतो, वीतभर पातळ पिगटेल केबल मध्ये घ्या. शहरात स्वस्त हँडीला मोठा ॲन्टेना लावला की आजूबाजूच्या टॉवरनी तो बहिरा होतो हेही लक्षात ठेवा, तो हँडीचा दोष, ॲन्टेनाचा नाही.

आता वायरिंग, इथे जरा रेंगाळतो कारण नव्वद टक्के भानगडी इथल्याच. ५० वॉटचा सेट ट्रान्समिट करताना १० ते १३ ॲम्पिअर ओढतो. सिगारेट लायटरचं सॉकेट साधारण १० ॲम्पिअरपर्यंतचं, त्यामागची वायर बारीक, वर त्याच फ्यूजवर मोबाइलचा चार्जर आणि अजून काय काय असतं. लो पॉवरवर ५-१० वॉट वापरायचे असतील तर चालून जातं, हाय पॉवरला नाही. सेटची वायर सरळ बॅटरीपर्यंत न्यायची, यात तडजोड नको.

जाडी किती? हिशोब करून दाखवतो. बॅटरीपासून सीटखालच्या सेटपर्यंत वायर धरा ४ मीटर, प्लस-मायनस मिळून ८ मीटर, करंट १२ ॲम्पिअर. १ स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर वाटेतच पावणेदोन व्होल्टच्या आसपास खाऊन टाकते. ४ स्क्वेअर एमएम टाकली तर हाच ड्रॉप अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. बहुतेक सेट १३.८ व्होल्टला १५ टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे खालची मर्यादा ११.७. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ च्या आसपास, त्यातून पावणेदोन गेले की उरले पावणेअकरा, मग सेट की दाबल्यावर बंद पडतो किंवा आवाज फाटतो आणि आपण शिव्या घालतो सेटला. दुकानात ४ स्क्वेअरची मल्टिस्ट्रँड कॉपर फ्लेक्झिबल मागा, आणि टोक सोलून तांबंच आहे ना ते बघा, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी सर्रास विकल्या जातात, नखाने खरवडलं की आतून पांढरी दिसते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. सेटसोबत येणाऱ्या केबलवर फ्यूज असतो पण तुम्ही वायर वाढवलीत की तो मध्येच कुठेतरी राहतो आणि बॅटरी ते फ्यूज हा तुकडा उघडा पडतो. बोनेटखाली ती वायर कुठे घासली आणि चेसिसला लागली तर बॅटरी जेवढा करंट देऊ शकते तेवढा सगळा त्या वायरमधून जाणार, मग धूर. फ्यूज सेटला नाही, वायरला वाचवायला असतो. किती ॲम्पिअरचा? सेटसोबत आलाय तेवढाच, साधारण १५ किंवा २०, "उडतोय म्हणून ३० चा टाकला" हे करणाऱ्या माणसाच्या गाडीत मी बसत नाही.

निगेटिव्हचा एक नवीन घोळ आहे जो जुन्या मार्गदर्शकांत सापडत नाही. जुनी शिकवण अशी की दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावा. पण आता बऱ्याच गाड्यांत, खास करून स्टार्ट-स्टॉपवाल्यांत, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटी डबी दिसते, तिला बारीक वायरी आणि कनेक्टर असतो. तो करंट सेन्सर. त्याच्या बॅटरीकडच्या बाजूला तुम्ही मायनस जोडलात तर सेटने ओढलेला करंट त्याला दिसतच नाही, गाडीचा कॉम्प्युटर समजतो बॅटरी फुल आहे, आणि काही दिवसांनी सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. अशा गाडीत मायनस वायर बॅटरीची जाड केबल बॉडीला जिथे बोल्टने घट्ट केलेली असते त्या जागी लावा. रंग खरवडून, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून क्रिंप करून, वर थोडं ग्रीस.

केबिनमध्ये वायर आणायला फायरवॉलमधून भोक पाडायची गरज शक्यतो पडत नाही, क्लचच्या किंवा स्टिअरिंगच्या आसपास मोठं रबरी ग्रोमेट असतं, त्यातून कंपनीचाच वायरिंगचा गठ्ठा जातो, त्याला बाजूला छोटी चीर देऊन वायर आत ढकलता येते. नंतर सिलिकॉनने बंद करा नाहीतर जुलैमध्ये पायाखालचं कार्पेट ओलं. आत आल्यावर दाराच्या खालच्या प्लॅस्टिक पट्टीखालून सीटपर्यंत. आणि सीटखाली पिवळा कनेक्टर किंवा पिवळी स्लीव्ह दिसली तर त्याला हात लावायचा नाही, ते एअरबॅगचं असतं. फेसप्लेट किंवा माईकचा हुकही जिथे डॅशबोर्डवर एअरबॅग लिहिलंय त्याच्यासमोर नको, ती उघडली तर फेसप्लेट थेट तोंडावर.

सेट थेट बॅटरीवर असल्याने रात्रभर चालू राहिला तर बॅटरी बसते. सोपा उपाय म्हणजे सेटमधलं ऑटो पॉवर ऑफ चालू करणं. पक्का उपाय म्हणजे रिले, बारीक करंटवर जाड वायर चालू-बंद करणारा स्विच. ऑटो पार्ट्सच्या दुकानात ३० ॲम्पिअरचा चार पायांचा रिले मिळतो, ३० नंबरच्या पायाला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून सेटकडे, आणि ८५-८६ पैकी एक अर्थला, दुसरा फ्यूज बॉक्समधल्या अशा सर्किटला जे चावी फिरवल्यावरच जिवंत होतं. त्या बारीक वायरमधून अगदी किरकोळ करंट जातो त्यामुळे फ्यूज टॅप चालतो. तोटा एवढाच की गाडी बंद करून डोंगरावर बसून गप्पा मारायच्या तर चावी ऑन ठेवावी लागते, म्हणून काहीजण एक साधा बायपास स्विच पण देतात.

ॲन्टेना. २ मीटरचा पाव वेव्हचा (तरंगलांबीच्या चौथाई लांबीचा) रॉड साधारण ४९ सेंटीमीटर, पाच-अष्टमांश वेव्हचा सव्वा मीटरच्या आसपास. कागदावर गेन (ठरावीक दिशेला सिग्नलचा जोर) लांबवाल्याचा जास्त, आणि सोलापूर-लातूरकडे सपाटीवर, हायवेला तो खरंच लांब पोचतो, कारण त्याचा सिग्नल क्षितिजाकडे झुकलेला असतो. घाटात मात्र मला छोटा आवडतो. रिपीटर डोंगराच्या माथ्यावर, तुम्ही वरंध्याच्या वळणात खाली, तिथे सिग्नल वरच्या दिशेनेही गेला पाहिजे आणि पाव वेव्हचा रॉड तेच करतो. शिवाय तो सोसायटीच्या बेसमेंटमध्ये छताच्या पाइपला आपटत नाही, झाडाच्या फांद्यांत अडकत नाही, आणि मोडला तर नवीन रॉड कापून लावायला फार पैसे जात नाहीत.

ॲन्टेनाची अर्धी बाजू म्हणजे तिच्याखालचा पत्रा. म्हणून छताचा मध्य सगळ्यात उत्तम, चारी बाजूंना सारखा पत्रा मिळतो. बोनेटच्या कडेला किंवा डिकीच्या दाराला लिप माउंट (पत्र्याच्या कडेला पकडणारा ब्रॅकेट) लावला तर चालतो, पण सिग्नल गाडीच्या ज्या बाजूला पत्रा जास्त तिकडे झुकतो. मॅगमाउंट घेण्याआधी घरातला फ्रिजवरचा मॅग्नेट नेऊन छताला लावून बघा, ऐकायला बावळट वाटेल पण फायबर टॉपवाल्या जीपला किंवा पॅनोरॅमिक सनरूफला मॅग्नेट चिकटतच नाही आणि हे पार्सल फोडल्यावर कळून उपयोग नाही. तिथे मग रूफ कॅरिअरला ब्रॅकेट लावून, कॅरिअर बॉडीला नीट अर्थ आहे का ते मल्टिमीटरने बघून, किंवा ग्राउंड न लागणारा हाफ वेव्ह ॲन्टेना. छताला भोक पाडून एनएमओ माउंट बसवला तर सगळ्यात सरस, पण गाडी वॉरंटीत असेल किंवा दोन वर्षांत विकायची असेल तर घरच्यांची परवानगी लायसन्सपेक्षा अवघड जाईल.

केबल दारातून आणताना ती दाराच्या वरच्या कडेतून न आणता मागच्या दाराच्या किंवा डिकीच्या रबरातून आणा, तिथलं रबर मऊ असतं आणि दार कमी वेळा आपटतं. आत घेण्याआधी बाहेर एक लटकता वळसा खाली सोडा, पाणी त्याच्या तळातून टपकून जातं, नाहीतर केबलच्या कडेने सरळ आत येतं. मॅगमाउंटसोबत येणारी ४-५ मीटर आरजी-५८ केबल साधारण १ डीबी खाते, ५० पैकी ४० वॉट वर पोचले, ठीक आहे, त्यासाठी झोप उडवू नका. जास्तीची केबल मात्र सीटखाली घट्ट गुंडाळून दाबू नका, सैल वेटोळं ठेवा.

मग एसडब्ल्यूआर, म्हणजे ॲन्टेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. मीटर कोणाकडून तरी मागून आणा किंवा नॅनोव्हीएनए घ्या, खेळण्याएवढं यंत्र आहे पण कामाचं. गाडी मोकळ्यावर, दारं बंद, सेट लो पॉवरवर, १४४, १४५ आणि १४६ ला रीडिंग घ्या. १४४ ला कमी आणि १४६ ला जास्त असेल तर रॉड लांब आहे, २-३ मिलिमीटर कापा, परत बघा. उलटं असेल तर रॉड आखूड, स्क्रू सैल करून वर ओढा, म्हणूनच पहिल्याच झटक्यात सेंटीमीटरभर कापायचा नसतो. मधल्या भागात १.५ च्या आत आला की पुरे, १.२ चा १.१ करण्यात दुपार घालवणारे लोक मला माहितेत, समोरच्याला तो फरक ऐकू येत नाही. तीनपर्यंत जात असेल आणि कापून हलतच नसेल तर कनेक्टर तपासा, पीएल-२५९ च्या आत जाळीचा एक केस मधल्या पिनला लागलेला असतो बरेचदा.

लगेच दुसरी टेस्ट, ही फार कमी लोक करतात. इंजिन चालू, मल्टिमीटर सेटच्या मागच्या कनेक्टरवर, हाय पॉवरला की दाबा आणि व्होल्टेज बघा, मग तेच बॅटरीवर. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधे कुठेतरी थिंबल सैल आहे किंवा फ्यूज होल्डर तापतोय. मिनिटभर बोलून फ्यूज होल्डरला हात लावा, कोमट चालेल, चटका बसला तर बदला.

आता आवाजाची कटकट. ॲक्सिलरेटरसोबत वरखाली होणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटर, आणि बहुतेक वेळा दोष निगेटिव्हचा, मायनस वायर सीटखालच्या कुठल्यातरी बोल्टला लावलेली असते. ती बॅटरीजवळच्या अर्थ पॉइंटला नेली की शिट्टी बरीच कमी होते. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) सारखा उघडतोय, खर्र येतंय, आणि इंजिन बंद केलं तरी जात नाही, तर एकेक वस्तू उपटून बघा. डॅशकॅम आणि त्याचा स्वस्तातला चार्जर हा माझा पहिला संशयित, बाहेरून लावलेले एलईडी लाइट दुसरा. फेराइटचे क्लिपवाले मणी त्या चार्जरच्या केबलला लावून बघा, नाही गेलं तर चार्जर बदला.

चॅनेल भरताना लॅपटॉप वापरा, चर्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर बऱ्याच सेटना चालतं, केबल मात्र सेटप्रमाणे. २ मीटरच्या रिपीटरला इनपुट-आउटपुटमध्ये ६०० किलोहर्ट्झचा फरक असतो, काहींना टोन (रिपीटर उघडायला आवाजासोबत जाणारा सूर) लागतो, तो तुमच्या शहरातल्या क्लबला विचारा. पहिले पाच चॅनेल रोजच्या रस्त्यावरचे ठेवा, बाकी सगळे नंतर, म्हणजे दोन क्लिकमध्ये हवा तो येतो. टाइम आउट टायमर ३ मिनिटांवर, कारण माईक सीटच्या फटीत दाबला गेला तर आख्ख्या रिपीटरला तुमच्या गाडीतली गाणी आणि घरगुती चर्चा ऐकावी लागते.

बोलण्याबद्दल एक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरायची संपर्काची साधनं वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय. माईक हातातच असतो. ऐकत राहा, उत्तर द्यायचं तर गाडी बाजूला घ्या, किंवा शेजारी दुसरा लायसन्सवाला असेल तर माईक त्याच्याकडे. घाटात तर बोलूच नका, तिथे तसंही अर्धं वाक्य कट होतं.

एचएफ (लांब पल्ल्याचे, कमी फ्रिक्वेन्सीचे बँड) गाडीतून करायचं असेल तर तो वेगळाच उद्योग. १०० वॉटचा सेट २०-२३ ॲम्पिअर ओढतो, वायर ६ स्क्वेअर किंवा वरची, ४० मीटरला गाडीवरचा दोन-अडीच मीटरचा रॉड खूपच आखूड पडतो त्यामुळे बरीच पॉवर कॉइलमध्ये आणि जमिनीत जाते, आणि मॅगमाउंटने भागत नाही, बोनेट, डिकी, सायलेन्सर सगळं चपट्या वेणीच्या वायरने बॉडीला बांधून घ्यावं लागतं. इलेक्ट्रिक गाडीत इन्व्हर्टरचा आवाज एचएफला चांगलाच भोवतो. आधी वर्षभर २ मीटर चालवा, मग यासू एफटी-८९१ वगैरेकडे वळा.

देखभालीला फार काही नाही. मॅगमाउंट दर पंधरा दिवसांनी उचलून त्याच्या खालचा पत्रा आणि माउंटचा तळ दोन्ही पुसा, खाली अडकलेली धूळ-खडी रंगावर गोल चरे पाडते, आणि उचलताना केबलला धरून ओढू नका, तळाला धरून तिरका करा. पावसाळ्याआधी बाहेरच्या कनेक्टरवर स्वतःतच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, साधी काळी इन्सुलेशन टेप दोन सरीत सुटते. एप्रिल-मेमध्ये, नागपूर-चंद्रपूरकडे तर नक्कीच, गाडी उन्हात लावताना फेसप्लेट काढून सीटखाली ठेवा. आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना ॲन्टेना काढून डिकीत टाका, वॉशिंगवाला पोरगा ब्रश फिरवताना वर बघत नाही.